संजय गांधी निराधारचा अर्ज भरताय? तहसिलात जाण्याआधी एवढं वाचा

२०२२ ची दिवाळी तोंडावर असताना आमचे काका गेले. गलाईच्या धंद्यात होते. विटा-आटपाडीकडच्या माणसांना जास्त सांगायला नको, आमच्या भागात घरटी एखादा तरी सोनं-चांदी गाळायला परमुलखात असतोच. काका तमिळनाडूत होते. तिकडंच रात्री छातीत दुखलं आणि पहाटे इकडं फोन आला. मागं राहिली काकी, सहावीतली मुलगी, पाऊण एकर जिरायत आणि गाळ्यासाठी काढलेलं कर्ज.

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दिवसभर पट्ट्या, पावत्या, उतारेच हाताखालून जातात. त्यामुळं मला वाटलं, काकीचा निराधारचा अर्ज म्हणजे दोन खाड्यांचं काम. प्रत्यक्षात चौदा महिने गेले. त्यातले निदान आठ माझ्यामुळं वाया गेले, कारण मी सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी फॉर्म भरला, मग कागद गोळा केले आणि सगळ्यात शेवटी लक्षात आलं की कागदांवरची बाई एकच आहे हे कागद बघून कुणालाच पटणार नाही. तुमच्या घरात, शेजारी कुणाचा असा अर्ज करायचा असेल, तर माझ्यासारखं करू नका.

तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या टेबलांवर मला अजून जावं लागतं.

पायरी १ : आपण नेमक्या कुठल्या योजनेत बसतो?

लोक सरसकट "निराधारचा पगार" म्हणतात, पण त्या एका शब्दाखाली तीन-चार योजना आहेत.

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्य सरकारची. १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. वय १८ ते ६५ च्या आतलं. यात विधवा, घटस्फोटित, नवऱ्यानं टाकलेल्या बायका, अनाथ मुलं, दिव्यांग आणि टीबी, कॅन्सर, एड्स, कुष्ठरोगासारख्या आजारांनी कमाईतून उठलेली माणसं येतात. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ही रक्कम जुलै २०२३ पासूनची, त्याआधी १,००० होती. दिव्यांगांसाठी आता २,५०० केले आहेत, पण दाखल्यावर निदान ४० टक्के अपंगत्व लागतं.

वय ६५ किंवा जास्त असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. टेबल बहुतेक तेच, साहेब तेच, फॉर्म वेगळा.

दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल आणि बाई ४० च्या पुढची विधवा असेल, तर केंद्राच्या इंदिरा गांधी विधवा निवृत्तिवेतन योजनेतून ३०० येतात आणि वरचे राज्य घालतं. हातात पडतात तेवढेच १,५००. म्हणून "दोन्हीकडं अर्ज करू, दोन्ही घेऊ" हा हिशेब करू नका.

तसंच लाडकी बहीणचं. ती जुलै २०२४ ला आली तेव्हा काकीनं विचारलंच, "आरं, त्यो बी फारम भरू का? समद्या भरत्यात." नाही म्हणालो. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणला ती बाई अपात्र ठरते. ज्यांनी दोन्हीकडं भरलं त्यांच्या मागं नंतर पडताळणी लागली. तो जीव टांगणीला कशाला लावून घ्यायचा?

आणखी एक, जी मला वेळेत कळली नाही. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. हा अर्ज मृत्यूनंतर लगेच करायचा असतो. आम्ही दहावं, तेरावं, कर्जवाल्यांची समजूत यात अडकलो आणि ती वेळ गेली. तुमच्याकडं ताजी घटना असेल तर पहिल्या खेपेलाच संजय गांधीच्या टेबलावर याचंही विचारा.

हातपाय चालणाऱ्या माणसासाठी रोजगार हमी आहेच. ती तर आपल्याच मातीतली, वि. स. पागेंनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा पहिला प्रयोग केला होता. पण काकीचे गुडघे गेलेत आणि पोरगी लहान. तिला खड्डे खणायला कोण पाठवणार?

पायरी २ : सगळ्या कागदांवरचं नाव एक करा (सगळ्यात आधी, फॉर्मच्याही आधी)

माझी खरी चूक इथं झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा बाईचं नाव शालन. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव. रेशनकार्डावर "शालाबाई", पुढं नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काकी लग्नानंतर पाच-सहा वर्षं काकांबरोबर तमिळनाडूत होती, आधार तिथंच काढलेलं. तिकडं आडनाव लिहायची पद्धत नाही, म्हणून नाव आणि पुढं नवऱ्याच्या नावाचं एक अक्षर, संपलं. पत्ताही तिकडचाच. आता चौकशी करणाऱ्यानं या तीन कागदांवरून काय समजायचं?

मी काकीला म्हटलं, "तुझी तीन नावं निघालीत." ती म्हणाली, "मग? हाक मारली की म्या वळून बघतीया न्हवं?" तिचं बरोबर होतं, पण हाकेला ओ दिल्यानं दाखला निघत नाही.

काय करायचं:

घरातले सगळे कागद एका चादरीवर पसरा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मतदान ओळखपत्र, शाळेचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, सातबारा. वहीत तीन रकाने आखा, एकात कागद, दुसऱ्यात त्यावरचं नाव जसंच्या तसं, तिसऱ्यात जन्मतारीख. इंग्रजी स्पेलिंगही उतरवा. "बाई", "ताई", "राव" हे शेपूट कुठं आहे, कुठं नाही, तेही बघा.

मग आधार आधी दुरुस्त करा, कारण पुढचं सगळं आधारला बघून होतं. नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते आणि जन्मतारखेची एकदाच. तेव्हा केंद्रावरच्या पोरानं स्क्रीनवर काय टाईप केलंय ते वाचल्याशिवाय हो म्हणू नका. काकीच्या पहिल्या दुरुस्तीत आडनावाचं स्पेलिंग रेशनकार्डापेक्षा वेगळं पडलं, आणि दोनातली एक संधी तिथंच गेली.

जन्मतारखेचंही बघा. आपल्याकडची एक अख्खी पिढी गुरुजींच्या कृपेनं १ जूनला जन्मलेली आहे आणि दुसरी पिढी आधारच्या कृपेनं १ जानेवारीला. एरवी यात हसण्यापलीकडं काही नाही, पण वय ६४ की ६५ यावर योजना बदलते. म्हातारी माणसं असतील तर हा फरक आधीच मिटवा.

शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव बदलत बसू नका. ते नाव आणि आताचं नाव एकाच व्यक्तीचं आहे असं प्रतिज्ञापत्र आमच्याकडं चाललं. दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. बाहेर टपरीवर कुणी "पाचशेचा स्टॅम्प लागतोय" म्हणाला तर आत जाऊन विचारा, मगच पाकीट काढा.

पायरी ३ : मृत्यूचा दाखला, विशेषतः परराज्यातला

माणूस गावातच गेला असेल तर ही पायरी दोन मिनिटांची. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करा, दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या आणि पुढच्या पायरीवर जा.

गलाईवाले, ऊसतोडीला गेलेले, ट्रकवर असलेले यांच्या घरच्यांनी मात्र नीट वाचा. मृत्यूची नोंद ज्या गावात मृत्यू झाला तिथंच होते. अंत्यविधी गावाकडं झाला तरी नोंद तिकडचीच. काकांचा देह आम्ही गाडीनं आणला, माती इथं दिली, आणि भावकीतल्या एकानं सुचवलं की "गावातच नोंद घालून टाकू, कोण बघतंय?" हे करू नका. ती खोटी नोंद होते, आणि पुढं विमा, बँक, वारस असं कुठंही दोन ठिकाणच्या दोन नोंदी निघाल्या तर बाईच अडकते.

२१ दिवस उलटले तरी घाबरायचं कारण नाही. वर्षाच्या आत विलंब शुल्क आणि परवानगी घेऊन नोंद होते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तोही त्या राज्यातला. इथून तिकडं खेटे घालणं म्हणजे काय, ते ज्यानं घातलेत त्यालाच माहीत.

आमच्याकडं नोंद वेळेत झाली होती, दवाखान्यानंच कळवलं होतं. पण दाखल्यावर काकांचं नावही तिकडच्या पद्धतीनं आलं, आधी वडिलांच्या नावाचं अक्षर, मग काकांचं नाव, आडनाव गायब. आमच्या तहसिलातल्या क्लार्कनं तो दाखला हातात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "हे कोण?" मला राग आला होता, पण आता वाटतं, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

जन्ममृत्यू नोंदीतली चूक दुरुस्त करायची तरतूद १९६९ च्या कायद्यातच आहे, कलम १५. दुरुस्ती ज्या निबंधकाकडं नोंद झाली तोच करतो. आम्ही तिकडच्या गलाईवाल्या भाऊबंदाकडं काकांचं आधार, गावचं रेशनकार्ड आणि काकीचा सहीचा अर्ज कुरिअर केला. दोन महिन्यांनी दुरुस्त दाखला आला. तमिळ आणि इंग्रजी असा द्विभाषिक दाखला होता म्हणून भाषांतर लागलं नाही.

काकीचा रडवेला प्रश्न होता, "मेलेल्या माणसाचं नाव बी नीट करावं लागतंय व्हय?" लागतं.

पायरी ४ : रेशनकार्ड आणि सातबारा

रेशनकार्ड अजून सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर एकत्र असेल, तर उत्पन्न मोजताना अख्ख्या कार्डाचं कुटुंब धरलं जातं. दीर दुधाच्या टेम्पोवर महिन्याला १५ हजार कमवत असेल तर बाई कागदावर निराधार राहत नाही, चूल वेगळी असली तरी. म्हणून विभक्त शिधापत्रिका काढा. पुरवठा शाखेत अर्ज, जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, आणि खरोखर वेगळं राहत असल्याचं चौकशीत दिसलं पाहिजे. यात घरात रुसवे होतात. आमच्या आजीनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं, "घर फोडलंस" म्हणून. तिला समजावलं की वेगळं कार्ड झालं की काकीला धान्यही वेगळं मिळेल. अंत्योदयचं पिवळं कार्ड असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, आणि सध्या ते फुकट आहे.

जमीन काकांच्या नावावर असेल तर वारस नोंद करून घ्या. २०२५ ला सरकारनं "जिवंत सातबारा" नावाची मोहीमच काढली होती, कारण राज्यभर मेलेल्या माणसांच्या नावानं सातबारे पडून आहेत. तलाठ्याकडं अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती. (तलाठ्याचं पद आता कागदोपत्री "ग्राम महसूल अधिकारी" झालंय आणि ग्रामसेवकाचं "ग्रामपंचायत अधिकारी". पाटी नवी दिसली म्हणून परत फिरू नका, आत तेच भाऊसाहेब आहेत.)

पायरी ५ : उत्पन्नाचा दाखला, म्हणजेच २१,०००

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. किंवा मग दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव पाहिजे.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साधारण ५८ रुपये. २०२५-२६ ला रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एखादी बाई सरकारच्याच कामावर ६८ दिवस गेली की सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून बाहेर. एका हातानं काम द्यायचं आणि त्याच कामाच्या पगारावरून दुसऱ्या हातानं अनुदान काढायचं, हे कुणीतरी एकदा एका टेबलावर बसून बघायला हवं. दर सहा महिन्यांनी मर्यादा वाढणार अशी आवई उठते. तोवर दाखल्यावर आकडा २१,००० च्या आतलाच लागतो.

इथला सापळा असा. सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात गेलात की पोरगा सवयीनं विचारतो, "किती टाकू?" शाळेच्या फीसवलतीसाठी लोक जो आकडा सांगतात तोच तो टाकून मोकळा होतो. मग दाखला ४८,००० चा येतो आणि तो निराधारच्या अर्जाला चालत नाही. आमचा पहिला दाखला असाच आला. म्हणून आधीच स्पष्ट सांगा, हा दाखला संजय गांधी योजनेसाठी आहे. उत्पन्न मात्र खरंच मर्यादेत बसत असेल तरच सांगा. तलाठी अहवालात जमीन, जनावरं, कमावती मुलं सगळं येतं, आणि खोटं घोषणापत्र दिलं तर ते दिलेल्याच्याच अंगावर येतं.

केंद्रावर दरपत्रक भिंतीला लावलेलं असतं. तेवढेच द्या, पावती घ्या. पावतीवरचा अर्ज क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

दारिद्र्यरेषेच्या यादीचं थोडक्यात. गावात जी यादी वापरतात ती २००२ च्या सर्व्हेची. १३ प्रश्न, ५२ पैकी गुण, कमी गुण तो गरीब. तेव्हा जी पोरं शाळेत होती त्यांची पोरं आज शाळेत आहेत, पण यादी तीच. तुमच्या नावानं सापडली नाही तर सासऱ्याच्या नावानं शोधा. यादीतला अनुक्रमांक ग्रामपंचायतीत मिळतो, दाखला पंचायत समितीतून.

पायरी ६ : बँक खातं

"खात्याला आधार लिंक आहे" आणि "सरकारी पैसे त्याच खात्यात येतात" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बाईची चार खाती असू शकतात, बचत गटाचं, जिल्हा बँकेतलं, पोस्टातलं, जनधनचं. चारहींना आधार जोडलेलं असलं तरी सरकारचा पैसा एकाच खात्यात जातो, आणि ते बहुधा शेवटी जोडलेलं असतं. आधारच्या साइटवर "बँक सीडिंग स्टेटस" बघितलं की कुठली बँक ते कळतं. ओटीपी येतो, म्हणून आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. काकांच्या बंद पडलेल्या सिमचा नंबर काकीच्या आधारला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

शून्य शिलकीचं खातं असलेलं बरं. नाहीतर किमान शिल्लक नाही म्हणून बँक त्यातूनच कापत राहते. आणि केवायसी जुनी झाली असेल तर आधी ती करून घ्या.

पायरी ७ : आता अर्ज

इथवरचं झालं असेल तर अर्ज ही सोपी गोष्ट आहे. तहसील कार्यालयात संजय गांधी शाखा असते, कागदांवर तिला "संगायो" लिहितात. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला तो शिक्का वाचून काहीच कळत नाही, म्हणून सांगितलं.

नव्यानं आलेल्यांनी एक लक्षात ठेवा, तालुक्याच्या नावाच्या गावात तहसील असेलच असं नाही. खानापूर तालुक्याचं विट्याला, वाळव्याचं ईश्वरपुरात म्हणजे कालपर्यंतच्या इस्लामपुरात. सातारा जिल्ह्यात माणचं दहिवडीला, खटावचं वडूजला, जावळीचं मेढ्याला. खानापुरात उतरून तहसील शोधणारी म्हातारी माणसं मी स्वतः बघितलीत.

सोबत न्यायचं:

- विहित नमुन्यातला अर्ज, फोटोसकट
- आधार आणि मोबाइल नंबर (चालू असलेला)
- रेशनकार्डाची प्रत, पुढून-मागून
- महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासाचा दाखला
- वयाचा पुरावा
- २१,००० च्या आतला उत्पन्नाचा दाखला, किंवा दारिद्र्यरेषेचा दाखला
- पतीच्या मृत्यूचा दाखला (दिव्यांग असतील तर त्याऐवजी अपंगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड)
- मुलांचे जन्माचे दाखले किंवा शाळेचं बोनाफाईड
- पासबुकाचं पहिलं पान

मूळ कागद दाखवायला न्या, द्यायला नाही. झेरॉक्सचे दोन संच, दुसऱ्या संचावर पोच. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ही पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलेलाच नाही असं समजा. माझा पहिला अर्ज "ठेवा इथं, बघतो" या वाक्यावर ठेवला गेला आणि तीन महिन्यांनी तो कुणालाच सापडला नाही.

पंधरा वर्षांच्या रहिवासाबद्दल गलाईवाल्यांच्या घरच्यांनी आधीच तयारी ठेवावी. आधारवर परराज्याचा पत्ता दिसला की पहिला प्रश्न तोच येतो. काकीचं नाव गावच्या मतदार यादीत आणि रेशनकार्डात कधीच कमी झालं नव्हतं, त्यावर निभावलं.

आणि हो, खेप घालायची तर बाईला बरोबर न्या. अंगठा, फोटो, सही कशालाही तीच लागते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. काकी दर वेळी कंडक्टरला ऐकू जाईल असं म्हणायची, "माझं अर्धं, ह्येचं पुरं."

तहसिलाबाहेरच्या झाडाखाली एक माणूस भेटेल. "दोन हजार द्या, समितीत आपली ओळख हाय." अर्ज करायला अशा माणसाची गरज नाही. शिवाय तो तुमचे मूळ कागद मागतो, आणि एकदा ते त्याच्या पिशवीत गेले की अर्जाचा मालक तोच होतो.

पायरी ८ : चौकशी आणि समिती

अर्जावर तलाठ्याचा अहवाल येतो. ते घरी येतात किंवा चावडीत बोलावतात. कोण कमावतं, जमीन किती, पाणी आहे का, मुलगा किती वर्षांचा. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी काही गावांत आलंय, म्हणून सातबारा बघून "बागायत" असा शेरा पडायची शक्यता असते. पाणी शेजारच्या शिवारात आहे आणि आपल्या रानात नाही, तर ते त्यांना जागेवर नेऊन दाखवा.

त्यानंतर तालुक्याच्या संजय गांधी समितीची बैठक. तहसीलदार सचिव असतात. बैठका ठरलेल्या तारखेला होतीलच असं नाही, आचारसंहिता लागली की लांबतात. या काळात दर आठवड्याला चकरा मारू नका. महिन्यातून एकदा जा, आवक क्रमांक सांगा, "त्रुटी आहे का?" एवढंच विचारा. त्रुटी असेल तर लेखी मागा. तोंडी सांगितलेली त्रुटी पुढच्या खेपेला बदललेली असते, हा माझा अनुभव.

काकीचा अर्ज मार्च २०२४ मध्ये मंजूर झाला.

पायरी ९ : अडलं तर

नामंजुरीचं कारण लेखी घ्या. कारण कागदाचं असेल तर कागद दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. काहीच कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा: "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली?" दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, ३० दिवसांत उत्तर. मी एकदाच केला. उत्तर यायच्या आधीच हरवलेला पहिला अर्ज सापडला.

पायरी १० : पैसे सुरू झाल्यावर

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जानेवारी ते मार्चमध्ये उरकून टाका, नाहीतर जिवंत माणसाचा पगार थांबतो. काकीच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात जानेवारीच्या पानावर मी लाल पेनानं गोल करून ठेवतो. पुनर्विवाह झाला, गाव सोडलं, मुलगा नोकरीला लागला, तर ते आपण होऊन कळवायचं असतं.

शेवटचं, जे मला कुठल्याही कागदावर वाचायला मिळालं नाही, संगायोच्या रांगेत मागं उभ्या असलेल्या एका बाईनं सांगितलं. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागं महिन्याला २,२५० रुपये. ती तहसिलात नाही, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं असते, म्हणून आमच्या टेबलावर कुणाला माहीतही नव्हती. कागद बरेचसे वरचेच, सोबत मुलाचं आधार आणि बोनाफाईड. पैसे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच मिळतात, म्हणून घरात लहान मूल असेल तर निराधारच्या मंजुरीची वाट न बघता हा अर्ज त्याच आठवड्यात टाका.